आदर्श पतीचा सत्कार

आमच्या मराठी मंडळाच्या गुणगौरव समारंभाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली तेव्हा मी एका ब्लाउजला हुक लावत बसले होते. पत्रिका वाचता वाचता सुई बोटात घुसली. वर नेहमीप्रमाणे दहावी-बारावीच्या मुलांचं कौतुक, मधे प्रमुख पाहुणे, आणि खाली सोनेरी चौकटीत: 'विशेष सत्कार. पत्नीला दहावी उत्तीर्ण करविणारे आदर्श पती, श्री. हिम्मतराव सोळंके.'

दहावी कोण झालं? प्रमिला. पुस्तकं कोणी वाचली? प्रमिलाने. तीन तास बाकावर बसून पेपर कोणी लिहिले? तेही प्रमिलानेच. आणि शाल कोणाच्या खांद्यावर? हिम्मतरावांच्या! त्या चौकटीत प्रमिलाचं साधं नावसुद्धा नव्हतं. 'पत्नीला' एवढ्या शब्दात तिला उरकून टाकलं होतं.

मी शोभा. हैदराबादला मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत राहते, शिवणकाम करते. प्रमिलाचं दार माझ्या दारासमोर. ओपन शाळेची दहावी आम्ही दोघींनी एकदमच दिली आणि मी गणितात आपटले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या रागाला कोणी जळफळाट म्हणायला नको. तिच्या निकालाच्या दिवशी अख्ख्या गल्लीत पेढे मी वाटले होते.

प्रमिलाला माहेरी, वसमतजवळच्या खेड्यात, आठवीतून शाळा सोडायला लावली. पुढची शाळा लांब होती आणि स्थळ जवळ आलं होतं. लग्न होऊन ती हैदराबादला आली, दोन पोरं वाढवली, सासूचं दुखणं काढलं, आणि पोरं नोकरीला लागून बाहेरगावी गेल्यावर एक दिवस माझ्या शिलाई मशीनशेजारी येऊन बसली. म्हणाली, "शोभा, मला दहावी व्हायचंय. तू येती का? एकटीला भेव वाटतं."

मी म्हटलं, "या वयात?"

"मग कोणत्या वयात? पुढच्या?"

झालं. आम्ही नाव घातलं. दर रविवारी नारायणगुड्याच्या एका शाळेत वर्ग भरायचा. बाक लहान पोरांचे, त्यांत आमचे गुडघे अडकायचे. पहिल्या दिवशी प्रमिलाने गुणाकाराला लाजून पदर तोंडाला लावला होता. चार महिन्यांनी तीच फळ्यापाशी जाऊन गुरुजींना सांगत होती, सर, तुमची वजाबाकी चुकली. सरही भले माणूस, त्यांनी पुसून पुन्हा केली.

आता हिम्मतरावांचं सांगते. अफझलगंजला त्यांचं दोरखंड आणि ताडपत्रीचं दुकान आहे. मंडळाच्या कार्यकारिणीवर आहेत, बोलणं गोड, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांनी प्रमिलावर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. शिकू नको असं तर चुकूनही म्हणाले नाहीत. त्यांचं एकच वाक्य असायचं: "मी कुठं नाही म्हणतो? घरचं सगळं बघून कर की!"

आणि मग घरचं सगळं वाढायला लागायचं. रविवार आला की यांच्या बहिणीचा गोतावळा जेवायला. चाचणी परीक्षा आली की यांना वर्षाचे पापड आठवायचे. प्रमिला पुस्तक उघडायची तेव्हा यांचा सदरा सापडायचा नाही, चष्मा सापडायचा नाही, कधी कधी हातातला चहासुद्धा गार निघायचा. भांडायची सोय नव्हती, कारण माणूस नाही म्हणतच नव्हता. नाही म्हणणाऱ्या नवऱ्याशी बाई निदान भांडू तरी शकते. या असल्या हो म्हणणाऱ्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

विज्ञानाच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी तर त्यांनी कमाल केली. दुकानातून आल्या आल्या म्हणाले, "उद्या दुपारी चार माणसं जेवायला येतायत. पुरणपोळीच कर. त्यांना तुझ्या हातची पायजे."

प्रमिला म्हणाली, "अहो, उद्या माझा पेपर आहे."

"मी कुठं नाही म्हणतो? स्वयंपाक करून जा की."

ती पहाटे उठली. पुरण शिजवलं, वाटलं, पोळ्या लाटल्या, कटाची आमटी केली, सगळं झाकून ठेवलं. मी तिला बोलवायला गेले तेव्हा ती शेवटच्या पोळ्या भाजत होती आणि ओट्यावर टेकवून ठेवलेल्या पुस्तकातून पचनसंस्था पाठ करत होती. पुस्तकाच्या पानावर तुपाचा डाग पडला होता. आम्ही रिक्षात बसलो तर तिच्या मनगटावर वाफेचा चटका, टरारून फोड आलेला, आणि तोही उजव्या हाताचा. त्या हाताने तिने पेपर लिहिला आणि विज्ञानात आमच्या वर्गात सगळ्यांत जास्त मार्क तिलाच पडले. घरी आली तर हिम्मतरावांनी काय ऐकवलं? पोळ्या जरा गार झाल्या होत्या, म्हणाले.

तर असे हे आदर्श पती.

पत्रिका घेऊन मी तशीच समोर गेले. प्रमिला ओसरीवर मेथी निवडत होती. मी फोन तिच्यापुढे धरला.

"वाचलंस?"

"वाचलं."

"आणि तू मेथी निवडतीयेस?"

"मग काय करू? रात्रीची भाजी तर लागंल ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, हे चालायचं नाही. तू स्टेजवर जा, माइक घे आणि सगळं सांग. पापड सांग, पुरणपोळी सांग, मनगटाचा डाग दाखव. तिथेच बसून तिच्याच वहीतल्या पानावर मी तिला भाषण लिहून दिलं. कडक लिहिलं होतं. प्रमिलाने ते मन लावून वाचलं, दोनदा हसली, घडी करून कमरेला खोचलं.

मग म्हणाली, "शोभा, मी दहावी कशापायी केली, ते तुला ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. मंडळाची काचीगुड्याला एक बालवाडी आहे. तिथल्या बाई मुलाकडे पुण्याला निघून गेल्या होत्या आणि जागा रिकामी पडली होती. बाईंच्या आजारपणात प्रमिलाने काही दिवस ती पोरं सांभाळली होती. त्या दिवसांत ती घरी यायची ती नाचतच. कोणतं पोर कोणती गाणी म्हणतं, कोण चड्डी ओली करतं, कोण आईच्या नावाने रडतं आणि मग खिडकीतल्या खारीकडे बघून गप्प होतं, सगळं मला ऐकवायची. पण जागेला दहावी पास पाहिजे होतं. म्हणून दहावी. तिला प्रमाणपत्र भिंतीवर टांगायचं नव्हतं, त्या पोरांत जायचं होतं.

आणि आता ती पास झाली होती, जागाही रिकामी होती, तरी गाडं अडलं होतं. मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब तिला म्हणाले, "हिम्मतराव हो म्हणाले तर आमची काहीच हरकत नाही." म्हणजे बघा! अर्ज हिचा, शिक्षण हिचं, काम ही करणार, आणि विचारायचं कोणाला? दोरखंडवाल्याला. आबासाहेबांनी स्वतः वकिली सुरू करताना बायकोला विचारलं होतं का, कोण जाणे.

तेवढ्यात हिम्मतराव दुकानातून आले. मला बघून हात जोडले. "शोभावहिनी, रविवारी सत्काराला यायचं बरं का! हिची मैत्रीण तुम्ही. तुमच्याशिवाय शोभा नाही."

मी म्हटलं, "येणारच. पण भाऊसाहेब, बालवाडीचं काय?"

"त्याचं काय?"

"प्रमिला कधीपासून जाणार?"

ते हसले. बूट काढता काढता म्हणाले, "मी कुठं नाही म्हणतो? पण मीच कार्यकारिणीवर, आणि माझीच बायको तिथं पोरांची नाकं पुसणार, बरं दिसतं का? बघू. दिवाळी होऊ द्या. घाई कायकू?"

घाई कायकू! जिला तीस वर्षं थांबवलं तिला हा माणूस दिवाळीपर्यंत थांब म्हणत होता. मी प्रमिलाकडे पाहिलं. ती मेथीच्या काड्या गोळा करून उठली आणि पाणी आणायला आत गेली.

रविवारी मंडळाचा हॉल भरला होता. मी मुद्दाम तिसऱ्या रांगेत कडेला बसले, म्हणजे उठून ओरडायची वेळ आली तर कोणाच्या पायात पाय अडकायला नको. आमचे प्रभाकरराव माझ्या शेजारी. परीक्षेच्या दिवसांत या माणसाने न सांगता भांडी घासली, खिचडी टाकली, आणि मी नापास झाले तेव्हा फक्त म्हणाला, पुढच्या वेळी बस. त्याला कोणी शाल देणार नव्हतं. द्यावी असं त्यालाही वाटलं नसतं. भांडी घासायला शाल कशाला लागते?

सूत्रसंचालन ऋचाकडे होतं, कॉलेजातली गोड पोरगी. मराठी तिने इंग्रजी अक्षरांत फोनवर लिहून आणली होती, त्यामुळे तिचं एक डोळा फोनवर, एक माइकवर चाललं होतं. मुलांचे सत्कार झटपट झाले, एकेक पेन आणि गुलाबाचं फूल. मग ती म्हणाली, "अँड नाऊ, आजचे आपले स्पेशल सत्कारमूर्ती, हिम्मतराव अंकल! जोरदार टाळ्या प्लीज!"

हिम्मतराव उठले. आबासाहेबांनी त्यांना फेटा बांधला, शाल पांघरली, नारळ दिला. मग ऋचाने फोनमधे बघत जाहीर केलं, "आता प्रमिला आंटी अंकलना ओवाळतील."

हे पत्रिकेत नव्हतं. प्रमिला खालच्या रांगेतून उठली. कोणीतरी तिच्या हातात तबक दिलं. परीक्षा पास झालेली बाई तबक घेऊन उभी, आणि ज्याने तिच्या परीक्षेत खोडा घातला तो फेटा बांधून ओवाळून घेतोय! माझे कान तापले. प्रभाकररावांनी हळूच माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला.

मग हिम्मतराव बोलले. स्त्रीशिक्षणावर बोलले. म्हणाले, "संसाराच्या रगाड्यात पुरुषाने बायकोच्या पाठीशी उभं राहायला पाहिजे. मी हिला पहिल्या दिवशी सांगितलं, प्रमिला, तू शीक, घराची काळजी करू नको. हिचे पेपर होते तेव्हा मलाच झोप लागत नव्हती."

झोप लागत नव्हती! पुरणपोळ्या जिरवत असतील. हॉलमधे टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने नवऱ्याला कोपर मारून दाखवलं, बघा जरा, असा असतो नवरा. मी अर्धी उठले होते. तोंडात वाक्य तयार होतं.

पण माझ्या आधी प्रमिला माइकपाशी पोचली होती. तबक तिने टेबलावर ठेवलं होतं. ऋचा गोंधळली. आबासाहेब घड्याळ बघत म्हणाले, "वेळ झालाय, अल्पोपाहार थंड होतोय."

"दोनच शब्द," प्रमिला म्हणाली आणि कमरेला हात घातला. माझं भाषण! मी मटकन खाली बसले. आता बघा, म्हटलं.

तिने कागद काढला आणि त्यानेच कपाळाचा घाम टिपला. उघडलासुद्धा नाही.

"हे बोलले ते तुम्ही ऐकलं," ती म्हणाली. "मी जास्ती काय बोलू? मी शिकायचं म्हटलं, हे म्हणाले, मी कुठं नाही म्हणतो? पेपरला जायचं म्हटलं, हे म्हणाले, मी कुठं नाही म्हणतो? यांनी मला आजपर्यंत एकदाही नाही म्हटलेलं नाही."

टाळ्या. हिम्मतरावांनी नम्रपणे मान खाली घातली. फेट्याचा तुरा हलला. मला वाटलं, हिला वेड लागलंय. मी दातओठ खात बसले.

"म्हणून मी आज यांच्या सत्काराच्या दिवशी सगळ्यांना सांगते," प्रमिला पुढे म्हणाली. "आपली काचीगुड्याची बालवाडी बाईंवाचून बंद पडायला आलीय. मी उद्या सोमवारपासून तिथं शिकवायला जाणार. आबासाहेब म्हणाले होते, हिम्मतराव हो म्हणाले तर आमची हरकत नाही. घराची काळजी करू नको, असं हे आत्ता तुमच्यासमोरच म्हणाले. मग आता कोणाची हरकत आहे का?"

हॉलमधे जो कडकडाट झाला, तसा आमच्या मंडळात जेवणाची पंगत लागल्यावरही होत नाही. ज्यांची पोरं त्या बालवाडीत होती, त्या आया तर उभ्याच राहिल्या. आबासाहेब हसत हसत म्हणाले, "काय हिम्मतराव? बोला."

ऋचाने माइक त्यांच्या तोंडाशी नेला. त्या माणसाचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. फेटा होता, शाल होती, एका हातात नारळ होता, आणि सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता.

"मी... मी कुठं नाही म्हणतो?"

पुन्हा टाळ्या. तुम्हाला वाटेल मी खूश झाले असेन. मुळीच नाही. कांदेपोह्यांच्या बशा फिरायला लागल्या तशी मी प्रमिलाला दंडाला धरून जिन्यापाशी नेलं.

"खोटं बोललीस! भर सभेत त्या माणसाची आरती ओवाळलीस!"

"हौ."

"सगळ्यांना वाटलं, त्यानेच तुला शिकवलं."

"वाटू दे."

"का वाटू दे? तुझं होतं ते! तुझं एकटीचं!"

तेव्हा कुठे तिचा तोल गेला. डोळे भरून आले आणि आवाज चिरका झाला. "तुला काय वाटतं, मला राग येत नाही? त्या दिवशी पोळ्या लाटताना मी एकेका पोळीला शिव्या घातल्यात. आज ओवाळताना वाटलं, तबक यांच्या फेट्यावरच उलटं करावं. केलं असतं तर तुम्ही सगळ्या खूश झाल्या असत्या. आणि उद्या? उद्या मी परत ओट्यापाशी. मला ती पोरं पायजेत, शोभा. यांची शाल घेऊन मी काय करू?"

चूक तिची नव्हतीच. पण जे तिने स्वतः कमावलं, ते मिळवायला तिला आधी ते दुसऱ्याचं आहे असं म्हणावं लागलं, याचा संताप माझ्या डोक्यातून आजही गेलेला नाही. टाळ्या वाजवणाऱ्या त्या दीडशहाण्या हॉलमधे एकालाही वाटलं नाही, की या बाईला परवानगी मुळात लागतेच कशाला?

खाली रिक्षापाशी हिम्मतरावांनी शाल आणि नारळ सवयीने तिच्यापुढे धरले. ती म्हणाली, "तुमचा सत्कार आहे, तुम्हीच धरा." ते मांडीवर नारळ घेऊन घरी गेले.

आता शेवटचं. सोमवारी सकाळी मी दारात पाणी शिंपडत होते. समोरून हिम्मतरावांचा आवाज आला, तोच नेहमीचा, गोड. "अगं, दुपारी चार माणसं येतायत जेवायला. सत्काराचं अभिनंदन करायला. पुरणपोळीच कर."

मी हातातला तांब्या तसाच धरून उभी राहिले. मग प्रमिलाचा आवाज आला, तितकाच गोड.

"बोलवा की. मी कुठं नाही म्हणते?"

थोड्या वेळाने ती बाहेर आली. निळी साडी, खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारे रंगीत कागद. माझ्याकडे बघून तिने फक्त मान हलवली आणि भराभरा बसस्टॉपकडे निघून गेली.

दुपारी गल्लीत गाडी थांबली. हिम्मतराव उतरले, मागून चार माणसं, एकाच्या हातात हार. दाराला कुलूप. किल्लीने दार उघडून ते आत गेले, लगेच बाहेर आले आणि माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. घामाघूम झाले होते. त्यांच्या घराच्या उघड्या दारातून खुर्चीवर घडी घालून ठेवलेली शाल मला दिसत होती.

"वहिनी, ही कुठं गेली?"

"बालवाडीत. तुम्हीच नाही का पाठवलंत? माइकवरून."

"आणि जेवण? ओट्यावर तर काहीच नाही!"

पाहुण्यांपैकी एकाने घड्याळात पाहिलं. हिम्मतरावांनी आवाज खाली आणला.

"वहिनी, निदान एवढं तरी सांगा. हरभऱ्याची डाळ कोणत्या डब्यात ठेवते ही?"

तीस वर्षं त्या घरात पुरणपोळी खाल्लेला माणूस मला, समोरच्या घरातल्या बाईला, त्याच्या घरची डाळ कुठे असते ते विचारत होता. मी म्हटलं, "शोधा, सापडेल." मग दार लावून घेतलं, मशीनवरचे कपडे बाजूला केले आणि गणिताचं पुस्तक उघडलं.